फुटपाथ दुरुस्तीची निविदा: एकरकमी, बाबनिहाय की वार्षिक दरकरार?

नवा रस्ता बांधायचा असेल तर काम कुठून कुठपर्यंत, हे नकाशावर दिसतं. फुटपाथच्या दुरुस्तीचं तसं नाही. इथे काँक्रीटचा एक चौकोन खचलेला, तिथे झाडाच्या मुळाने दोन वर उचललेले, पलीकडे चेंबरभोवतीचं काँक्रीट फुटलेलं. काम बारीक आणि विखुरलेलं. शिवाय खालची माती किती खराब आहे, ते तोडल्याशिवाय कळत नाही. या न कळलेल्या भागाचा खर्च कोणाच्या अंगावर पडणार, यावरच तिन्ही पद्धती एकमेकींपासून वेगळ्या होतात.

एकरकमी निविदेत तो कंत्राटदाराच्या अंगावर पडतो. 'एवढं काम, एवढी रक्कम' असं ठरलं की कार्यालयाला बरं वाटतं: मोजमापाची कटकट नाही, बजेट आधीच पक्कं. पण अनुभवी कंत्राटदार अनिश्चिततेचे पैसे दरात धरतो आणि नवखा धरत नाही, त्यामुळे काम बहुधा नवख्याला मिळतं. मग माती खराब निघाली की तो भरपाई कुठून करणार? जाडीतून आणि क्युरिंगमधून, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवण्यातून. १०० मिमीच्या जागी ८० मिमी ओतलं तर काँक्रीट २० टक्के वाचतं आणि वरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. सात दिवस ओलं ठेवायचं काम दोन दिवसांत आटोपतं. एखादा सलग पट्टा आहे, नकाशा तयार आहे, आठ-दहा ठिकाणी खड्डे घेऊन खालची माती पाहिलेली आहे, अशा वेळी एकरकमी निविदा चांगली चालते. विखुरलेल्या दुरुस्तीसाठी मी ती सुचवणार नाही.

बाबनिहाय दरांत प्रत्येक कामाचा वेगळा दर असतो: तोडणे, राडारोडा उचलणे, माती काढून खडी भरणे, काँक्रीट ओतणे, सांधे कापणे (तडा ठरल्या रेषेत जावा म्हणून काँक्रीटला काप देणे). जेवढं झालं तेवढ्याचे पैसे. इथे जोखीम तुमच्याकडे येते, पण ती दिसते तरी. खोट एकच, पण मोठी. तुमच्या अंदाजपत्रकातली परिमाणं चुकली असतील, तर ती चूक कंत्राटदार तुमच्या आधी हेरतो.

आकड्यांत बघा. समजा अंदाजपत्रकात १,००० चौरस मीटर ओतकाम आणि ५० घनमीटर खराब माती काढणे एवढ्या दोनच बाबी आहेत. 'क'ने ओतकामाला १०० आणि मातीला ८० दर भरला, बेरीज १,०४,०००. 'ख'ने ओतकामाला ९५ आणि मातीला १६० भरला, बेरीज १,०३,०००. काम 'ख'ला गेलं. प्रत्यक्षात माती निघाली २०० घनमीटर. 'क'चं बिल १,१६,००० झालं असतं, 'ख'चं होतं १,२७,०००. खरं तर ५० च्या जागी ६३ घनमीटर निघाले तरी क्रम उलटतो. 'ख'ने कुठलाही नियम मोडलेला नाही, त्याने फक्त जागेवर जाऊन पाहिलं.

यावर उपाय म्हणजे निविदा उघडल्यावर नुसती बेरीज पाहून थांबायचं नाही. ज्या बाबींचं परिमाण डळमळीत आहे ते दुप्पट, चौपट करून पाहायचं आणि पहिला क्रमांक टिकतो का ते तपासायचं. टिकत नसेल तर त्या दराचं पृथक्करण, म्हणजे तो कशाकशातून बनला त्याचा हिशेब, लेखी मागायचं. अर्थात असं करणार आहोत, हे निविदेच्या अटींतच लिहिलेलं हवं, नंतर सुचून उपयोग नाही. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या लाल पुस्तकात, म्हणजे बांधकामाच्या नमुना करारात, मोजलेलं परिमाण १० टक्क्यांहून जास्त बदललं आणि सोबतच्या आणखी काही अटी पुऱ्या झाल्या, तर त्या बाबीला नवा दर ठरवता येतो. तुमच्या करारात असं कलम आहे का, हे निविदा काढण्याआधी वाचा.

तिसरा पर्याय वार्षिक दरकरार. दर एकदाच ठरतात आणि वर्षभर तक्रारी येतील तसे कार्यादेश निघतात. कागदावर दुरुस्तीसाठी याहून सोयीचं काही नाही. पण काँक्रीटचा स्वभाव यात आडवा येतो.

दीड मीटर बाय दीड मीटरचा, १०० मिमी जाडीचा एक चौकोन म्हणजे फक्त ०.२२५ घनमीटर काँक्रीट. सहा घनमीटरच्या एका मिक्सरमध्ये असे सव्वीस चौकोन बसतात. मिसळल्यापासून गाडी रिकामी होईपर्यंतचा जुना दंडक ९० मिनिटांचा. आता हे सव्वीस चौकोन एका गल्लीत असतील तर गोष्ट वेगळी आणि शहरभर पसरले असतील तर वेगळी. कार्यादेश कसे निघतील हे कंत्राटदाराला ठाऊक नसेल, तर तो सगळ्यात वाईट शक्यता धरूनच दर भरतो. किंवा स्वस्त भरतो आणि नंतर एक-एक चौकोनाच्या आदेशाला 'माणसं नाहीत' म्हणत पंधरा दिवस हलत नाही.

म्हणून दरकरार करायचाच असेल तर त्यात दोन गोष्टी घाला. एका कार्यादेशात किमान किती काम असेल ते सांगा आणि ते एकाच भागातलं असेल याची हमी द्या. त्याहून लहान, तातडीच्या कामाला वेगळा, जास्त दर ठेवा. जास्त दर लिहिताना हात आखडतो, पण तो न लिहिल्यास तोच पैसा सगळ्याच बाबींच्या दरांत मिसळून जातो. आणि दरकरारासाठी तुमच्याकडे रोज मोजणारा माणूस हवा. तो नसेल तर मापपुस्तक कंत्राटदाराच्या मुकादमाच्या सांगण्यावरून भरलं जातं.

सगळ्यात कमी दर विरुद्ध दोन लिफाफे (एकात तांत्रिक माहिती, दुसऱ्यात दर) हा वाद यात नेहमी येतो. फुटपाथ म्हणजे काही पूल नाही, तांत्रिक लिफाफ्यात लांबलचक गुणांकन नको. याआधी केलेल्या दोन कामांची जागा सांगायला लावा आणि तिथे जाऊन सांधे बघा. काप जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढा खोल आहे का आणि तडा सांध्यातच गेलाय की मनाला येईल तिथे, एवढं पाहिलं तरी माणूस कळतो. दर संशयास्पद कमी असेल तर सरळ फेटाळू नका, आधी खुलासा मागा. युरोपीय संघाचा २०१४ चा खरेदी निर्देश हेच सांगतो.

एक बाब मात्र तिन्ही पद्धतींत वेगळी काढा: घासकाम. चौकोन शाबूत आहे, फक्त कडा थोडी वर आली आहे, तर तो तोडायचं कारण नाही, कडा यंत्राने घासून काम भागतं. अमेरिकेतल्या अपंग-सुगम्यता मानकांत ६.४ मिमीपर्यंतची उभी पायरी चालते आणि १३ मिमीपर्यंतची उतार देऊन चालते. तोडून ओतणाऱ्याच्याच हाती घासकाम दिलंत, तर घासण्याजोगे चौकोनही तोडण्याच्या यादीत जाऊन बसतात, कारण त्याचा धंदा ओतण्याचा आहे.

तुमच्याकडे फिरून, रंगाने खुणा करून केलेली यादी असेल तर बाबनिहाय निविदा काढा आणि ती भागवार तोडा, म्हणजे लहान कंत्राटदारही भरतील. यादी नाही, तक्रारी मात्र रोज येतात आणि मोजणारा माणूस आहे, तर दरकरार. यादीही नाही आणि माणूसही नाही, तर निविदा महिनाभर पुढे ढकला आणि आधी दोन जणांना टेप, पट्टी आणि रंगाचा डबा देऊन रस्त्यावर पाठवा. पद्धत कोणतीही निवडा, जाडीचं माप साचा लावल्यावर आणि ओतण्याआधी घ्या. ओतल्यानंतर ते घ्यायचं तर चौकोनाला भोक पाडावं लागतं.