पीएचसीतली डिलिव्हरी: सेवेला पाचपैकी चार, बाकीचा हिशोब वेगळाच

बहिणीची डिलिव्हरी बीडकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका सरकारी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. नाव टाकत नाही, कारण बदल्या झाल्या की स्टाफ पालटतो आणि लोक मलाच बोल लावतात. पाचपैकी चार स्टार देतो, आणि सरकारी म्हणलं की नाक मुरडणाऱ्यांनी तर नक्की वाचा.

पैसा एक लागला नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून चालू आहे, त्यात डिलिव्हरी, औषधं, जेवण, घरी सोडायची गाडी सगळं फुकट, आणि 15 ऑगस्ट 2023 पासून तर आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. तरी आमची आत्या शेवटपर्यंत पदराच्या गाठीत पाचशेची नोट धरून बसलेली, "काहीतरी द्यावंच लागतंय रे." कुणी मागितलीच नाही.

रात्रपाळीच्या सिस्टर एक नंबर. बाळ पुसलं की लगेच आईच्या छातीवर, वरून टोपरं. आत्या मधाचं बोट घेऊन पुढं झाली तर सिस्टरनं हातच धरला, "मध तुम्ही खा मावशी, बाळाला आईचंच दूध." वजन भरलं 2 किलो 300, म्हणजे अडीचच्या खाली, म्हणून उघड्या छातीला बाळ लावून कसं ठेवायचं ते बहिणीला बसवून दाखवलं, घाई नाही काही नाही.

एक स्टार कापला तो पाण्यासाठी. संडासात नळ कोरडा, नातेवाइकांना बसायला जागा नाही, खिचडी पातळ आणि तीही दुपार उलटल्यावर.

आता शेजारच्या खाटेचं सांगतो. एक ऊसतोड बाई, कारखान्यावरून थेट आलेली. सिस्टर तिचं माता-बाल कार्ड उलटून पाहायल्या तर शेवटची नोंद दिवाळीच्या आधीची, पुढची पानं कोरी. "एवढे महिने कुठं होतीस गं?" तर म्हणली, उसाच्या फडात. नवराबायकोनं मिळून मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेली, दोघांची जोडी म्हणजे एक कोयता, एक दिवस दवाखान्यात गेलं की खाडा पडतो आणि मुकादम तो पैशात कापतो, मग तपासणी फुकट असून काय उपयोग, तिचा दिवस फुकट नाही ना. कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं, पाणी लांबून आणायचं, संडास नाही, पोटभर खायचं ते आधी नवऱ्याला आन् लेकरांना. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, सातच्याही खाली निघालं. जिल्ह्याला पाठवायचं ठरलं तर गाडी यायला उशीर, आणि जायचं का नाही हे ठरवायला सासूला फोन. तिथं डॉक्टर काय करणार?

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचा सर्वे झाला होता, आठवत असेल, 82 हजारांवर बायांपैकी 13 हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीचे दिवस गेले की खाडे गेले, एवढं सरळ गणित काहींनी सांगितलं. ह्याला आजार म्हणायचं का मजुरी, तुम्हीच ठरवा. मला तर वाटतं लेकरू जगतं का नाही त्यातलं अर्धं फडातच ठरून येतंय, पीएचसीच्या पायरीवर उरलेलं अर्धं.

आणि दवाखान्याबाहेरचंही बघावं लागतं, हे काही मी नवीन शोधलेलं नाही. आमच्या शिवेपलीकडं जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं 1970 पासून गावातल्याच बायांना, त्यात कित्येक निरक्षर, शिकवून बाळंतपण, पाणी, खाणंपिणं, सगळं एकत्र हाताळत होते. सरकारच्या आशाताई तर 2005 नंतर आल्या. आमच्या आशाताईंनाही पाच स्टार द्यायला पाहिजेत, पण त्यांचं मानधन वेळेवर येत नाही म्हणतात, त्याचा स्टार कुणाचा कापायचा?

जाणाऱ्यांसाठी: आधार, पासबुक, कार्ड न्या. पाण्याचा कॅन घरूनच. कारखान्यावर जायचं असेल तर कार्ड गावात ठेवू नका, सोबत न्या आणि तिथल्या आशाला दाखवा. गाडीचा नंबर आधीच लिहून ठेवा, रात्री डोंगरात रेंज नसती, तेव्हा गावातली एखादी जीपही सांगून ठेवलेली बरी.