पहिल्या गिटारला फिनिश कोणतं: लाखेचं पॉलिश की एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर?

गिटारचा स्प्रूस लाकडाचा टॉप, म्हणजे पुढची फळी, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असतो. त्यावर जाड, कडक थर चढला की तो मोकळा हलत नाही. बॅक (मागची फळी) आणि साइड्सवर (बाजूच्या पट्ट्यांवर) तोच थर फारसा जाणवत नाही. लाखेच्या पॉलिशचा थर साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी भरतो, नीट मारलेल्या एनसी लॅकरचा ०.१ मिमीच्या आसपास. आवाजाचा हिशोब इथेच संपतो. खरा निर्णय तुमची जागा आणि कॅलेंडर बघून घ्यायचा. बडोद्यात फ्लॅटमध्ये काम करणार असाल तर आमचा कौल लाखेला.

लाखेसाठी ५० ग्रॅम मेणविरहित चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) २५० मिली अल्कोहोलमध्ये रात्रभर भिजवा, मधूनमधून हलवा, कापडातून गाळा. एका गिटारला एवढं बहुधा पुरतं. साध्या चपड्यात मेण असतं, त्याने चमक मंद होते. बाटलीवर तारीख लिहा: सहा महिन्यांहून जुनं द्रावण वाळल्यासारखं दिसतं, पण कडक होत नाही आणि नखाचा ठसा उमटतो. गुजरातेत दारूबंदीच्या कायद्यामुळे डिनेचर्ड स्पिरिटवरही नियंत्रण आहे, म्हणून लाकूड कापण्याआधी दुकानात चौकशी करा. त्याऐवजी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. चपडा विरघळायला आणि थर वाळायला थोडा जास्त वेळ घेतं, इतकंच. संखेड्याचं लाखकाम जवळ आहे म्हणून तिथली रीत उचलू नका. ते लेथवर फिरवून कातलेल्या गोल नगांवरचं काम आहे, सपाट पातळ फळीचं नाही.

टॉप ३२० नंबरच्या सँडपेपरपर्यंत घासा. मग कापूस जुन्या, धुवून मऊ झालेल्या सुती कापडात बांधून बोळा करा. हाताच्या पाठीला टेकवला तर थंडावा जाणवावा, ओल राहू नये. बोळा सरकताच टेकवायचा आणि सरकताच उचलायचा. फळीवर क्षणभर थांबला तरी खालचा मऊ थर त्याला चिकटून ओढला जातो. अडखळायला लागला तर तेलाचा एकच थेंब. जास्त तेल थराखाली अडकतं आणि आठवड्याने धुरकट डाग होऊन वर येतं. दिवसाला अर्ध्या-पाऊण तासाच्या एक-दोन बैठका, असं दोन-तीन आठवडे चालतं.

सगळ्यात जास्त गिटार बिघडतात त्या बॅक-साइड्सच्या शिसवीमुळे. अल्कोहोल तिचा जांभळट-तपकिरी रंग सोडवतं आणि बोळा तो पांढऱ्या बाइंडिंगवर (कडेच्या पट्ट्यांवर) किंवा स्प्रूसवर ओढून नेतो. एकदा शिरलेला रंग घासून निघत नाही, फळी मात्र पातळ होते. म्हणून कडेच्या पट्ट्या आणि टॉप आधी बारीक ब्रशने पातळ लाख लावून बंद करा आणि शिसवीचा बोळा वेगळा ठेवा.

एनसीला कॉम्प्रेसर, स्प्रे गन, सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क आणि हवा खेळती असलेली, ठिणगी-ज्योतीपासून लांबची जागा लागते. फ्लॅटची गॅलरी ही ती जागा नव्हे. वाफ पेट घेते. ज्याच्याकडे शेड आहे, त्याचं काम मात्र सोपं: दिवसाला दोन-तीन, एकूण आठ-दहा पातळ हात, मग तीन-चार आठवडे टांगून ठेवायचं. घाई करून घासलं तर थर नंतर बसत राहतो आणि लाकडाची रंध्रं पुन्हा दिसू लागतात. फर्निचरवाले देतात ते सँडिंग सीलर जाड मारू नका, वरचा थर सैल राहतो. त्याऐवजी लाखेचा एक हात द्या.

जून ते सप्टेंबर एनसी मारूच नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी थरात अडकतं आणि फिनिश दुधाळ होतं. रिटार्डर थिनरचा (हळू उडणाऱ्या थिनरचा) हलका हात मारून ते बरेचदा निघतं, पण कोरड्या दिवशीच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. लाखही पावसाळ्यात धुरकटते, मात्र एसीच्या खोलीत आर्द्रता ६० टक्क्यांखाली आणून काम चालू ठेवता येतं.

टिकाऊपणात एनसी पुढे. लाखेला घाम आणि सॅनिटायझर सोसत नाहीत. हात फार घामेजत असेल तर नेकला लाख नकोच, तिथे टंग ऑइल पुरे. मे महिन्यात बंद गाडीत दोन्ही फिनिश मऊ पडतात, त्याआधी ब्रिजचा (टॉपवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या पट्टीचा) डिंक सुटायला लागतो. दुरुस्ती दोन्हींची सोपी, कारण नवा हात जुन्यात विरघळून एक होतो. पीयूमध्ये (पॉलियुरेथेनमध्ये) तसं होत नाही, जोड दिसतो.

शेड असेल तर बॅक-साइड्स एनसी आणि टॉप लाखेचा, ही जोडी आम्हाला सर्वांत पटते. एनसी आधी पूर्ण करा आणि लाखेचा बोळा कडेला नेताना हलका ठेवा. ब्रिजच्या जागी मात्र दोन्हींत सुरुवातीलाच मास्किंग टेप लावा, ब्रिजपेक्षा एक मिलिमीटर आत; डिंक कोऱ्या लाकडालाच धरतो.