दशक मोडायचा कशाने? काड्या, ठोकळे, नोटा की मणीमाळ

यंदा दुसरीचा वर्ग तुमच्याकडे आला आहे. शाळा अनुदानातले थोडे पैसे साहित्यासाठी हाताशी आहेत आणि मेन रोडवरच्या दुकानदाराने रंगीत ठोकळ्यांची पेटी समोर उघडून ठेवली आहे. घ्यावी का? माझं मत विचाराल तर आत्ता नको.

दुसरीच्या गणितात घोडं अडतं ते ५२ वजा २७ पाशी. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक दशक मोडायचा. वहीत मुलं हे सफाईने करतात: पाचवर काट, वर चार, दोनाशेजारी एक. हे दहा कुठून आले विचारलं तर म्हणतात, "शेजाऱ्याकडून उसने आणले." परत कधी करणार, हे विचारायच्या भानगडीत पडू नका. साहित्य निवडताना मी म्हणून एकच बघते, त्यातला दशक मुलाला स्वतःच्या हाताने मोडता येतो का.

काड्यांच्या गठ्ठ्याचा येतो. दहा काड्या, वर एक रबर. ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सत्तावीस द्यायच्या तर सुट्या पुरत नाहीत. मूल एका गठ्ठ्याचं रबर काढतं, काड्या बाकावर पसरतात आणि दोनाच्या बारा होतात. कोणाकडून काही उसनं आणलेलं नसतं, ते दहा तिथेच बांधलेले होते. माझ्या सातपूरच्या वर्गात ३६ मुलं, चार-चारांचे नऊ गट, प्रत्येक गटाला शंभर म्हणजे ९०० काड्या लागल्या. सुरुवातीला खराट्याच्या काड्या आणल्या, फुकट मिळाल्या म्हणून. त्या मोडतात आणि दहाच्या अकरा होतात. आईस्क्रीमच्या काड्या घ्या. मुलं घाईत नऊचा, अकराचा गठ्ठा बांधतात. बांधू द्या आणि शेजारच्या गटाला तपासायला लावा. दुसऱ्याची चूक काढताना मोजणी फार काटेकोर होते.

आता ती पेटी. सुटा ठोकळा एक सेंटीमीटरचा, दहाचा दांडा, शंभराची पाटी, हजाराचा घन. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्टान डिएनेस यांच्या नावाने हे ठोकळे ओळखले जातात. रचना देखणी आहे, मापं चोख आहेत, पण दांडा मोडत नाही. तो परत देऊन दहा सुटे बदलून घ्यायचे, हे एक पाऊल पुढचं आहे. गठ्ठा सोडून झालेल्या मुलाला ते सहज जमतं; न सोडलेल्याला ती अदलाबदल म्हणजे बाईंनी सांगितलेला आणखी एक नियम. तिसरीत तीन अंकी संख्या आल्या की मात्र काड्यांचा ढीग आवरत नाही. तिथे ही पाटी कामाला येते.

खेळातल्या नोटांचं गणित वेगळंच. दहाची नोट दिसायला एक रुपयाच्या नाण्याच्या दहापट नसते. तिची किंमत आपण मानलेली असते. म्हणून हे साहित्य सगळ्यांत अवघड, आणि तरी मुलांच्या सगळ्यांत ओळखीचं. बंदे, सुटे, नोट मोडणे हे शब्द ती घरूनच घेऊन येतात. आईबरोबर भाजीच्या गाडीवर बसणारा माझा एक विद्यार्थी ५० वजा २२ वहीत हमखास चुकायचा. मग पन्नासची नोट देऊन त्याच्याकडून बावीस रुपयांची मेथी घेतली. त्याने तीन नाणी ठेवली, "पंचवीस". पाचाचं एक, "तीस". वर वीसची नोट, "पन्नास". उरलेले पैसे त्याने वजाबाकी न करता चढत्या क्रमाने मोजून दिले. ही रीत फळ्यावर घेण्यासारखी आहे. नोटा कागदाच्या कापून होतात, खर्च जवळपास नाही.

राहिली मणीमाळ. शंभर मणी, दहा लाल, दहा पांढरे, असे आलटून पालटून. तिच्यात दशक मोडता येत नाही, वजाबाकीसाठी ती लंगडीच. पण आपल्या मराठी संख्यानामांची अडचण तीच सोडवते. २५ लिहिताना आधी दोन, मग पाच. म्हणताना आधी पंच, मग वीस. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायची वाचनपद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात मला पडायचं नाही, पण मुलांचा गोंधळ खरा आहे, आणि 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणारी मुलं दर वर्षी भेटतात. माळेवर तिसाव्या मण्यापर्यंत जायचं आणि एक पाऊल मागे यायचं: एक उणा तीस. दोन दिवस असा खेळ घेतला की एकोणचाळीस, एकोणपन्नास मुलं स्वतःच शोधतात. (नव्व्याण्णवला हे लागू नाही. एकोणशंभर आपण का म्हणत नाही, असं एकीने विचारलं. मी गप्प.)

माळ मोठी करा, सेंटीमीटरभर जाडीच्या मण्यांची. शंभर मणी म्हणजे बरोबर एक मीटर, मापनालाही उपयोगी. पंचवटीत तयार जपमाळ मिळते, पण ती १०८ मण्यांची आणि एकाच रंगाची. सुटे मणी घेऊन घरी ओवलेले बरे.

तर पहिला खर्च आईस्क्रीमच्या काड्यांवर, दुसरा मण्यांवर. नोटा दिवाळीनंतर, गठ्ठे सोडून हात बसल्यावर. मात्र वर्गात भाजीवाल्यांची, किराणा दुकानवाल्यांची मुलं बरीच असतील तर नोटा आधी काढायला हरकत नाही. पेटी तिसरीच्या बाईंना सुचवा. त्याआधी शाळेचं कपाट उघडून बघा, आमच्याकडे तशीच एक पेटी सील न काढता पडून होती.

आणि रबरं तास संपताना मोजून परत घ्या. पहिल्याच दिवशी आमच्या वर्गात त्यांच्या गलोली झाल्या होत्या.