नवं ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी१२०एक्स घ्यावं की जुनं जपानी टर्नटेबल?

मशीनच्या आधी घरातल्या तबकड्या बाहेर काढून बघा. एलपी आणि ईपी मिनिटाला ३३⅓ किंवा ४५ फेऱ्यांच्या असतात. बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या, आणि त्यांची खाच कितीतरी रुंद. एलपीच्या सुईचं टोक साधारण ०.७ मिल त्रिज्येचं असतं, लाखेच्या तबकडीला ३ मिल लागतं. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळातली धूळ खरवडत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. उलट, जाड सुई एलपीवर ठेवली तर खाच कायमची खराब होते. म्हणून ‘७८ हवं का?’ हा पहिला प्रश्न. नवं की जुनं, हा दुसरा.

फक्त एलपीच असतील आणि कसलीही जुळवाजुळव नको असेल, तर नवं ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी६०एक्स पुरतं. बटण दाबलं की सुई धरणारा हात आपोआप तबकडीवर जातो, बाजू संपली की परत येतो. तबकडीचा क्षीण आवाज वाढवणारा फोनो प्रीअँप आतच आहे, त्यामुळे साध्या ऑक्सच्या स्पीकरलाही जोडता येतं. मर्यादा तीन: ७८ नाही, सुई बदलते पण काट्रिज (सुई जिला बसते ती आवाज टिपणारी डबी) बदलत नाही, आणि सुईचा तबकडीवरचा भार कारखान्यात ठरलेला. मोटरचा पट्टा पुलीवर चढवल्यावर प्लॅटर, म्हणजे तबकडीखालची फिरती थाळी, हाताने काही फेरे फिरवून घ्या. पट्ट्याला पीळ राहिला तर वेग डळमळतो.

आमची पसंती मात्र एटी-एलपी१२०एक्सला, विशेषतः जवळपास भरवशाचा दुरुस्तीवाला नसेल तर. डायरेक्ट ड्राइव्ह आहे, म्हणजे पट्ट्याशिवाय मोटर थेट प्लॅटर फिरवते. तिन्ही वेग आहेत, भार आणि अँटी-स्केट (हात आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) दोन्ही जुळवता येतात. सोबत येणाऱ्या एटी-व्हीएम९५ई काट्रिजची सुई ओढून काढता येते, आणि त्याच काट्रिजवर लाखेच्या तबकड्यांची ३ मिलची सुई बसते. सुई बदलली की भारही त्या सुईच्या खोक्यावर लिहिल्याप्रमाणे नव्याने लावायचा. हात आपोआप उचलला जात नाही, हे आधीच माहीत असू द्या.

भार लावण्यात सर्वांत जास्त गोंधळ होतो. अँटी-स्केट शून्यावर ठेवा, सुईचं झाकण काढा आणि मागचं वजन फिरवत हात आडवा, अधांतरी तरंगेल असं करा. आता वजन न हलवता फक्त पुढची आकड्यांची कडी शून्यावर आणा. मग वजन आणि कडी एकत्र फिरवून २ ग्रॅम करा, अँटी-स्केटही २. शेवटच्या पायरीत नुसती कडी फिरवली तर आकडा २ दिसतो पण भार शून्यच राहतो. सुई घसरत जाते आणि दोष तबकडीवर येतो. भार कमी पडला तरी खाच झिजते, कारण सुई तिच्यात उड्या मारते.

जुन्यामध्ये सगळे नाव घेतात ते टेक्निक्स एसएल-१२००एमके२चं. १९७९ मध्ये आलेलं हे मशीन खरोखर दणकट आहे. पण त्यात ७८ नाही आणि प्रीअँपही नाही. डीजेंच्या हाताखालून गेलेल्या नगाच्या हाताची बेअरिंग सैल झालेली असू शकतात. हात तरंगत ठेवून हलकी फुंकर मारा: तो न अडखळता सरकला पाहिजे. मग हाताचा बुंधा दोन बोटांत धरून अलगद हलवा, खडखड लागली तर सोडून द्या. हेडशेलचे (हाताच्या टोकाला काट्रिज धरणाऱ्या भागाचे) काळे पडलेले संपर्क, एका बाजूचा गायब आवाज या गोष्टी मात्र दुरुस्त होतात, त्यावर भाव पाडून घ्यावा.

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जाणार असाल तर स्वतःची एलपी सोबत न्या, आणि ती तंबोऱ्यावरच्या विलंबित ख्यालाची असू द्या. वेगातली लचक तंबोऱ्यात जशी उघडी पडते तशी बँडच्या गाण्यात पडत नाही. दर १.८ सेकंदांनी, म्हणजे फेरीगणिक, स्वर झुलत असेल तर तबकडीचं भोक मध्यात नसण्याची शक्यता आहे. दुसरी लावून बघा. झोका त्याहून जलद किंवा अनियमित असेल तर सैल पट्टा किंवा प्लॅटर फिरवणारं, कडक झालेलं रबराचं चाक. जुन्या ब्रिटिश गॅरार्ड टर्नटेबलमध्ये हे चाकच मुख्य दुखणं असतं. एचएमव्ही फिएस्टासारख्या रेकॉर्ड प्लेअरवर चांगली एलपी लावूच नका, त्यांची सिरॅमिक काट्रिजं फार जड चालतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून येणारं जुनं पट्ट्याचं मशीन हा आणखी एक सापळा. ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट देतो, पण आपली वीज ५० हर्ट्झची, तिथली ६०. विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारी सिंक्रोनस मोटर त्या प्रमाणात मंद फिरते, ३३⅓ चे २७.८ होतात आणि काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारमध्ये उतरते. मोटरवर ५० हर्ट्झची पुली मिळणार असेल तरच घ्या. क्वार्ट्झ लॉकच्या (स्फटिकाच्या घड्याळाने वेग धरणाऱ्या) डायरेक्ट ड्राइव्हला ही अडचण नाही, त्याला फक्त व्होल्टेज सांभाळायचं.

जुन्या नगाची सुई संपलेलीच धरा आणि नव्या सुईची किंमत सौद्याच्या हिशेबात धरा. ती सहज मिळत नसेल, तर काट्रिज बदलता येतं का ते पैसे देण्याआधी बघा. घरी नेताना हेडशेल आणि मागचं वजन काढा, हात त्याच्या खाचेत बांधा, प्लॅटर उचलून वेगळं गुंडाळा. प्लॅटर तसंच ठेवून रिक्षातून नेलं तर प्रत्येक खड्ड्याचा धक्का मधल्या बेअरिंगला बसतो.