एनडीआयआर की 'ईसीओटू' मीटर?
बंद वर्गातली किती हवा आधीच कुणाच्या तरी फुफ्फुसातून फिरून आली आहे, हे कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावरून ताडता येतं. एनडीआयआर मीटर या वायूने शोषलेला इन्फ्रारेड प्रकाश मोजतो. स्वस्तातला 'ईसीओटू' मीटर इतर वायूंवरून नुसताच अंदाजपंचे दाहोदरसे! सॅनिटायझरचा बोळा जवळ धरा. आकडा लगेच उसळला तर ओळखा, मीटर 'ईसीओटू'वाला आहे.

एनडीआयआरलाही खोड आहेच. स्वयं-कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे स्वतःच आकडा जुळवून घेताना, तो साधारण आठवड्याभरातला नीचांक बाहेरच्या हवेचा, म्हणजे सुमारे ४०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग), धरतो. खोली कधी उघडलीच नाही, तर पुढे कमी दाखवत राहतो. म्हणून अधूनमधून गच्चीत न्या. टेबलाच्या उंचीवर, माणसांपासून मीटरभर लांब ठेवा. ८०० ओलांडले की खिडक्या उघडा. बारीक कण गाळणाऱ्या हेपा फिल्टरने हवेतले विषाणू घटतात, हा आकडा मात्र हलत नाही.