पोर्टेबल पॉवर स्टेशनवर गाडी चार्ज करून देण्याच्या नावाखाली होणारी फसवणूक

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सॉकेट मिळत नाही, कमिटी विषय पुढच्या सभेवर ढकलते आणि विजेवर चार्ज होणारी गाडी तर घेऊन झालेली असते. अशा अडलेल्या माणसाला हेरून पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे आत बॅटरी आणि इन्व्हर्टर, बाहेर सॉकेट असलेली उचलून नेण्याजोगी पेटी, विकलं जातं. घरात चार्ज करा, लिफ्टनं खाली न्या, गाडीला लावा, असं सांगितलं जातं. प्लग-इन हायब्रिडच्या, म्हणजे पेट्रोलवर आणि चार्ज केलेल्या बॅटरीवरही चालणाऱ्या गाडीच्या मालकाला ते लगेच पटतं. त्याच्या गाडीची बॅटरी पूर्ण इलेक्ट्रिक गाडीपेक्षा बरीच लहान असते, तेव्हा एवढ्याशा पेटीवर भागेल असं वाटणं साहजिक आहे. पैसे देऊन झाल्यावर कळतं की पेटीला केबल लावली की एक तर लाल दिवा लागतो, नाही तर काही सेकंदांत पेटीच बंद पडते.

विकणारा आधी एक व्हिडिओ दाखवतो. हजार वॅटच्या पेटीवर हायब्रिड गाडी मजेत चार्ज होताना त्यात दिसते. व्हिडिओ बहुतेक वेळा खराच असतो, पण अमेरिकेतला असतो. तिथं घरगुती सॉकेटला १२० व्होल्ट असतात. ‘शेव्हरले व्होल्ट’ या नावाच्या गाडीसारखी प्लग-इन हायब्रिड त्या सॉकेटवर ८ अँपिअर घेते, म्हणजे ९६० वॅट, आणि हजार वॅटची पेटी तेवढं कसंबसं पुरवते. आपल्याकडे २३० व्होल्ट. गाडी आणि चार्जिंग केबल यांच्यात जो संकेत चालतो, त्यात ६ अँपिअरच्या खाली आकडाच नाही. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट. याच्याहून कमी वॅट सलग देणाऱ्या पेटीवर भारतात गाडी चार्ज होऊ शकत नाही. त्यातही ६ अँपिअरची सोय प्रत्येक केबलला नसते. बऱ्याच केबल १० ते १५ अँपिअरवर बांधलेल्या असतात, आणि १० अँपिअर म्हटले तरी २३०० वॅट झाले. पेटी बघायला जाण्याआधी आपल्या केबलवर किती अँपिअर लिहिलेत आणि ते कमी करता येतात का, हे बघून घ्या. निम्मे सौदे तिथंच थांबतील.

आता लेबल. मोठ्या अक्षरात ‘३००० वॅट’ असतं, तो पीक आकडा. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते, तेवढ्या क्षणापुरता. गाडीतला चार्जर उलट हळूहळू करंट वाढवतो आणि मग तासन्‌तास तसाच ओढत राहतो, त्यामुळे पीकचा त्याला काहीच उपयोग नाही. सलग म्हणजे कंटिन्युअस वॅट किती, ते बिलावर लिहून मागा. दुसरी चलाखी क्षमतेची. ‘२ लाख एमएएच’ ऐकायला प्रचंड वाटतं. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, तेव्हा २ लाख म्हणजे २०० अँपिअर-तास, आणि हा आकडा ३.७ व्होल्टच्या सेलवर मोजलेला असतो. २०० अँपिअर-तास गुणिले ३.७ केलं की ७४० वॅट-तास येतात, म्हणजे पाऊण युनिटसुद्धा नाही (एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास). वॅट-तास छापलेले नसतील तर पुढं बोलूच नका. पेटीला फक्त ६ अँपिअरचं छोटं सॉकेट असेल, तर लेबलवर काहीही असो, ती पेटी या कामाची नाही; ६ अँपिअर ही त्या सॉकेटची शेवटची मर्यादा, तिच्यावर तासन्‌तास चालवायचं नसतं.

वजनही खरं-खोटं सांगून जातं. दोन युनिट साठवायला लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या बॅटरीचे नुसते सेलच साधारण १२ किलोचे होतात. वर इन्व्हर्टर, पंखे, खोकं धरलं की अशी पेटी २० किलोच्या पुढे जाते. ‘दोन हजार वॅट-तास’ लिहिलेली पेटी एका हातानं सहज उचलली जात असेल तर आत तेवढे सेल नाहीत. अशा पेट्यांचे स्क्रू काढले की जुन्या लॅपटॉप बॅटरीतून सोडवलेले दंडगोल सेल दिसतात, वरचं आवरण नवं, आणि टोकाला आधीच्या वेल्डिंगचे ओरखडे.

दुकानातल्या प्रात्यक्षिकावर विसंबू नका. केबलचा हिरवा दिवा म्हणजे गाडी आणि केबलची ओळख पटली, एवढंच. गाडी जवळपास पूर्ण भरलेली असेल तर शेवटी शेवटी ती फार थोडं ओढते, आणि दुबळी पेटीही दोन मिनिटं टिकते. म्हणून काही विक्रेते ‘गाडी चार्ज करून आणा’ असं आवर्जून सांगतात. बॅटरी निम्मी रिकामी ठेवून जा, आणि डॅशबोर्डवरचा किलोवॅटचा आकडा किमान वीस मिनिटं बघत बसा.

सगळ्यात गंभीर प्रकार मात्र वेगळाच आहे. पेटी जमिनीला कुठंच जोडलेली नसते, त्यामुळे चार्जिंग केबलला अर्थिंग सापडत नाही आणि ती लाल दिवा दाखवून थांबते. ग्राहक तक्रार घेऊन आला की विक्रेता एक छोटा अ‍ॅडॅप्टर देतो, कधी फुकट, कधी हजारभर रुपये घेऊन. ‘अर्थिंग कन्व्हर्टर आहे, लावा बिनधास्त.’ उघडून बघा. वरच्या जाड पिनेपासून न्यूट्रलच्या पिनेपर्यंत एक बोटभर वायर झाळलेली असते, बाकी काही नाही. उत्पादकानं परवानगी दिली असेल तर सुट्या पेटीवर अशी जोडणी एका ठिकाणी करता येते. पण काही स्वस्त इन्व्हर्टर त्या जोडणीनंच जळतात. खरा धोका पुढं आहे. तोच अ‍ॅडॅप्टर केबलला लागलेला राहतो आणि एखाद्या दिवशी गावाकडच्या घरात किंवा लॉजच्या सॉकेटला लावला जातो. आपल्याकडे फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेली सॉकेट सर्रास सापडतात, अर्थिंगची वायर तर कित्येक ठिकाणी नसतेच. अशा सॉकेटमध्ये ती बोटभर वायर फेजला थेट गाडीच्या पत्र्याशी जोडते. पावसात ओल्या फरशीवर उभं राहून दार उघडणाऱ्याच्या हातात २३० व्होल्ट येतात. केबलचा लाल दिवा हेच टाळण्यासाठी असतो आणि ती वायर त्यालाच गप्प करते. असा अ‍ॅडॅप्टर कुणी दिला तर वापरू नका, आणि शेजाऱ्याकडे दिसला तर त्यालाही सांगा.

क्षमता घरच्या घरी तपासता येते. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड, १५ लिटर पाणी आणि साधा थर्मामीटर लागतो. पेटी आधी पूर्ण भरा. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटपेक्षा किंचित जास्त वीज लागते, आणि वेळ साधारण २१ मिनिटं. इन्व्हर्टरमधली घट धरूनही दोन युनिटच्या पेटीवर अशा तीन बादल्या तापल्याच पाहिजेत. एकीतच पेटी बसली तर आत पाऊण युनिटही नाही, असं समजा. रॉडची पिन सॉकेटमधून काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, थर्मामीटरही बुडवायचा नाही. रॉडला वीज कशीही चालते, म्हणून यातून फक्त क्षमता कळते. वीज शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी सुरळीत लहरीची आहे का, हे बघायला टेबल फॅन लावा. तो घरच्यापेक्षा मोठ्यानं गुणगुणू लागला तर आत स्वस्त मॉडिफाइड साइन वेव्ह, म्हणजे ओबडधोबड लहरीचा इन्व्हर्टर आहे. अशा विजेवर गाडीतला चार्जर एक तर नकार देतो किंवा जास्त तापतो. तो चार्जर गाडीतला महागडा भाग आहे, आणि असल्या विजेनं बिघडला तर वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

बाजारात चांगल्या पेट्या नाहीत असं नाही. सलग २००० वॅट देणारी, शुद्ध साइन वेव्हची, दोन युनिटची पेटी ६ अँपिअरवर गाडी खरंच चार्ज करते. पण हिशेब बघा. इन्व्हर्टरमध्ये तेरा टक्के, गाडीच्या चार्जरमध्ये आणि जाग्या राहिलेल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये पंधरा टक्के गेले की बॅटरीत दीड युनिट पडतं. त्यावर लहान गाडी ९-१० किलोमीटर जाते, जड हायब्रिड एसयूव्ही त्याहून कमी. घाटात अडकल्यावर पुढच्या चार्जरपर्यंत पोचायला एवढं पुरेल, रोजच्या ऑफिसला नाही. ‘एका चार्जमध्ये ४० किलोमीटर’ म्हणणारा खोटं बोलतोय, दोन युनिटची पेटी कितीही चांगली असली तरी. हायब्रिडवाल्याला पेटीऐवजी पेट्रोल जनरेटर गळ्यात मारणारेही आहेत. गाडीत पेट्रोल इंजिन असताना बाहेर दुसरं पेट्रोल जाळायचं कशाला? आणि बेसमेंटमध्ये जनरेटर चालवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडनं जीव धोक्यात घालणं.

खरेदीच्या वेळी जीएसटीचं बिल घ्याच. त्यावरच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. तो क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकला की नाव जुळतं का ते दिसतं. पेटीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापला असेल तर बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा. दुसऱ्याच वस्तूचा क्रमांक चिकटवलेला निघू शकतो.

फसवणूक झालीच असेल तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन पैसे घेऊन माल पाठवलाच नसेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. पुरावा म्हणून वजनकाट्यावर ठेवलेल्या पेटीचा फोटो, बादलीच्या चाचणीचा सलग व्हिडिओ, लेबल आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट ठेवा. तो अ‍ॅडॅप्टर रागानं फेकून देऊ नका. वापरायचा नाहीच, पण विक्रेत्यानं सुरक्षेची सोय जाणूनबुजून बंद पाडायला दिली, हे आयोगासमोर त्याच वस्तूनं सिद्ध होईल. पिशवीत घालून, वर तारीख लिहून, बिलासोबत ठेवा.