जुन्या ४०७ चं इंजिन धुताना: प्रेशर गन की ब्रश-बादली?

वॉशिंग सेंटरवर प्रेशर गनने इंजिन झटक्यात चकाचक होतं, खर्चही फार नाही. पण टाटा ४०७ (छोटा ट्रक) रस्त्यावर आली १९८६ मध्ये; त्या पिढीच्या गाडीत वायरिंगची टेप सुटलेली आणि रबर कडक झालेलं असतं. तिथे जोराचं पाणी शिरलं की आधी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) कुरकुरतात. त्याहून वाईट म्हणजे इंजिनात डिझेल सोडणाऱ्या तापलेल्या पंपावर गार फवारा. आतले भाग इतके नेमके बसवलेले असतात की आवरण एकदम आकसलं तर पंप जाम होऊ शकतो.

ब्रशने निम्मी सकाळ जाते, कंबरही धरते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची; अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर क्लीनरचं तोंड प्लॅस्टिकने बांधायचं. इंजिन जेमतेम कोमट असताना डिग्रीजर (तेलकट मळ काढणारं द्रव) लावून घासायचं, साध्या पाइपने हलकं पाणी सोडायचं, मग हवा मारायची. (डिझेलने पुसायची जुनी सवय सोडा, रबरी होज फुगतात, वर आगीची भीती.) घासताना टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) गळणारं पॅकिंगही नजरेस पडतं. मी ब्रशच्याच बाजूचा.

गनची हौस चासी आणि चाकांवर खुशाल भागवा.